व्हायोलिनच्या आतला खांब

व्हायोलिन हे वाद्य आपणांपैकी बहुतेकांनी पाहिले असेल. निदान ऐकले तर खासच असेल. त्याच्या चार तारा, त्या तारांवरून फिरणारा गज, तारांना उचलून धरणारी पातळ घोडी आणि घोडीच्या दोन्ही अंगांना कोरलेली नागमोडी छिद्रे, एवढे बाहेरून सहज दिसते. परंतु ज्या एका वस्तूवाचून या वाद्याला त्याचा स्वतःचा आवाज येत नाही, ती बाहेरून दिसत नाही. वाद्याच्या पोटात, वरची फळी आणि पाठीची फळी यांच्यामध्ये, एक गोल लाकडी काडी उभी केलेली असते. तिची जाडी सुमारे ६ मिलिमीटर, म्हणजे पेन्सिलीहून किंचित कमी, आणि उंची सुमारे ५ सेंटिमीटर. इंग्रजीत तिला साउंडपोस्ट म्हणतात व आपल्याकडील वादकही तोच शब्द वापरतात. या काडीला खिळा नाही, खाच नाही, सरसही नाही. वरून येणारा दाब आणि खालचा आधार एवढ्यावरच ती उभी असते. आज मला आपणांशी बोलावयाचे आहे ते या लहानशा खांबाविषयी, आणि तो आपल्या मुलखात कसा आला, कोणी सांभाळला याविषयी.

हा विषय मी पुस्तकातून काढलेला नाही. बीदर जिल्ह्यातील ठाणाकुशनूर येथे मी शिक्षिका आहे. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके तत्कालीन मुंबई राज्यात गेले आणि आमचा भाग म्हैसूर राज्यात गेला. त्याच राज्याला १९७३ पासून कर्नाटक हे नाव आहे. सीमा बदलली तरी घरातली मराठी बदलली नाही. माझे आजोळ मात्र गोव्याचे. माझे एक मामा हैदराबादेस एका बँडमध्ये व्हायोलिन वाजवीत असत. त्यांच्या पश्चात ते व्हायोलिन माझ्याकडे आले आणि शाळेतील मुलांना सुरांची ओळख करून देण्यासाठी मी ते थोडेफार वाजवू लागले.

काही वर्षांपूर्वीच्या एका कडक उन्हाळ्यात तारा बदलण्यासाठी मी चारही तारा एकदम सोडल्या. त्याबरोबर वाद्याच्या पोटात काहीतरी टक्कन पडले आणि हलविले की गडगड वाजू लागले. मी ते एका शहरातील दुरुस्तीच्या दुकानात नेले. दोन दिवसांनी वाद्य परत मिळाले. गडगड थांबली होती, पण आवाजही थांबल्यासारखा झाला होता. गज फिरविला की दार लावलेल्या खोलीत कोणी बोलावे तसा सूर येई. पुढे कळले की पडलेली काडी दोन्ही टोकांना भरपूर डिंक लावून पक्की चिकटवून टाकली होती.

दुरुस्ती करणाऱ्याचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. आमच्याकडे माळवदाची घरे पुष्कळ. माळवदाखालचा खांब हलता कामा नये, हे लहान मुलालाही ठाऊक असते. जे पडते ते पक्के करावे, हा साधा व्यवहार. परंतु व्हायोलिनमधला खांब माळवदाच्या खांबासारखा नाही. तो का नाही, हे समजून घेण्यासाठी या वाद्याच्या इतिहासात थोडे मागे गेले पाहिजे.

प्रथम नावांकडे पाहू. इंग्रजांनी या काडीला आवाजाचा खांब म्हटले. इटालियन लोक तिला 'आनिमा' म्हणतात, फ्रेंच लोक 'आम' आणि स्पॅनिश व पोर्तुगीज लोक 'आल्मा'. या सर्व शब्दांचा अर्थ एकच, आत्मा. माझे मामा तिला 'आल्मा'च म्हणत, आणि लहानपणी मला तो एखाद्या स्त्रीच्या नावासारखा वाटे. गंमत अशी की आपल्या तंबोऱ्यातही असेच एक नाव आहे. तंबोऱ्याच्या तारेखाली, घोडीवर, सुताचा एक बारीक दोरा सरकवून आवाज खुलवितात. दक्षिणेत त्या दोऱ्याला 'जीवाळी' म्हणतात. दोरा केसभर पुढेमागे झाला तर तंबोरा बोलतो किंवा मुका होतो. मिरजेच्या कारागिरांचे जवारी काढण्याचे कौशल्य सर्वांस ठाऊक आहे; तेथेही घोडीचा माथा कानशीने घासताना हाताइतकेच काम कानाला असते. एकमेकांना न पाहिलेल्या दोन दूरच्या प्रदेशांतील कारागिरांना, वाद्यातील सर्वांत लहान आणि सर्वांत सहज सरकणाऱ्या भागालाच जीव म्हणावेसे वाटले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आतल्या खांबाची कल्पना व्हायोलिनच्या आधीपासून युरोपात निरनिराळ्या रूपांत दिसते. वेल्स प्रांतात 'क्रूथ' नावाचे गजाने वाजविण्याचे एक जुने वाद्य आहे. त्याच्या घोडीचा एक पाय दुसऱ्याहून लांब असतो. तो वरच्या फळीच्या छिद्रातून आत उतरून थेट पाठीच्या फळीवर टेकतो. म्हणजे घोडीचा पाय आणि आतला खांब ही दोन कामे तेथे एकच लाकूड करते. व्हायोलिनमध्ये ही कामे वेगळी झाली. इटलीतील क्रेमोना गावी सोळाव्या शतकाच्या मध्यास आंद्रेआ आमाती याने या वाद्याला जो घाट दिला, तो थोड्या फरकाने आजही तसाच आहे. पुढे त्याच गावी आंतोनिओ स्त्रादिवारी (१६४४–१७३७) याने जी वाद्ये केली, ती आज जगातील सर्वांत मोलाची मानली जातात. परंतु त्या वाद्यांतील आतला खांब सहसा मूळचा नसतो. १८०० च्या सुमारास सभागृहे मोठी झाली, तारांचा ताण वाढला. जुन्या वाद्यांच्या माना बदलून अधिक कललेल्या बसविण्यात आल्या, आतील आधार बळकट करण्यात आले आणि खांबही नवे आले. म्हणजे ज्याला आत्मा म्हणतात तोच भाग वारंवार बदलावा लागतो, आणि प्रत्येक पिढीला तो नव्याने बसविता यावा लागतो.

हे वाद्य हिंदुस्थानात शिरले ते दोन वाटांनी, आणि त्या दोन्ही वाटांशी मराठी माणसाचा संबंध आहे.

एक वाट तंजावरची. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात तंजावरास मराठ्यांचे राज्य स्थापिले आणि ते १८५५ पर्यंत टिकले. त्या घराण्यातील दुसरे सरफोजीराजे १७९८ ते १८३२ पर्यंत गादीवर होते. श्वार्त्झ या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले होते. सरस्वती महाल ग्रंथालयाची त्यांनी केलेली जोपासना सर्वश्रुत आहे. तितकी सर्वश्रुत नसलेली गोष्ट ही की त्यांना पाश्चात्त्य संगीताचीही ओढ होती आणि त्यांच्या दरबारी पाश्चात्त्य वाद्ये वाजत असत. त्याच काळात मद्रासेजवळ मणली येथे मुत्तुस्वामी दीक्षितांचे धाकटे बंधू बालुस्वामी दीक्षित (१७८६–१८५९) यांनी युरोपियन वादकाकडून व्हायोलिन शिकून ते कर्नाटक संगीतात आणले. मुत्तुस्वामींचे शिष्य वडिवेलू हे तंजावरच्या प्रसिद्ध चार बंधूंपैकी एक. त्यांना त्रावणकोरचे महाराज स्वाती तिरुनाळ यांनी १८३४ मध्ये हस्तिदंती व्हायोलिन भेट दिल्याचे सांगतात. कर्नाटक संगीतात साथीला हे वाद्य इतके रुजले की ते परदेशी आहे, याचाच पुष्कळांना विसर पडला.

दुसरी वाट गोव्याची, आणि ती अधिक जुनी. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला. त्यानंतर चर्चला जोडून ज्या शाळा गावोगाव निघाल्या, त्यांत मुलांना प्रार्थनेबरोबर स्वरलिपी वाचावयास आणि वाद्य वाजवावयास शिकवीत. शिकविणाऱ्याला 'मेस्त' म्हणत. आधी स्वर म्हणावयाचे, मग वाचावयाचे आणि त्यानंतर व्हायोलिन हाती घ्यावयाचे, असा क्रम असे. कोकणीत व्हायोलिनला 'रेबेक' म्हणतात. पोर्तुगीज 'राबेका' वरून आलेला तो शब्द आहे. या शाळांचे राजकीय व धार्मिक हेतू काहीही असोत, त्यांचा एक परिणाम निर्विवाद झाला. शेतकऱ्याच्या आणि मासेमाऱ्याच्या मुलालाही स्वरलिपी वाचता येऊ लागली. पुढे १९५२ मध्ये आंतोनिओ द फिगेरेदो यांनी पणजीस संगीताची अकादमी काढली, ती याच जमिनीत उगवली.

गोव्यात शिकलेली ही मुले पोटासाठी बाहेर पडली. मुंबईत धोबीतलावाच्या आसपास गावागावांच्या 'कुडी' होत्या. तेथे एका खोलीत दहादहा जण वळकट्या टाकून राहत आणि बँडमध्ये, हॉटेलांत, मूकपटांच्या काळात चित्रगृहात पडद्यापुढे बसून वाजवीत. त्याच भागात फुर्तादोंचे वाद्यांचे दुकान १८६५ पासून आहे. संस्थानिकांच्या दरबारी, लष्करी पलटणींत, कोलकात्यापासून हैदराबादेपर्यंत हे वादक पसरले. उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी तरुणपणी कोलकात्यास लोबो नावाच्या गोमंतकीय बँडमास्तरांकडे व्हायोलिनचे धडे घेतले, असे सांगतात. पुढे बोलपट आले आणि माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांच्यासारख्या वादकांनी चित्रपटसंगीतात व्हायोलिनांचे ताफे उभे केले. प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. १९७७ च्या एका हिंदी चित्रपटातील गाण्यात त्यांचे नाव घराघरांत पोहोचले. पण ते एका खऱ्या शिक्षकाचे नाव आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

रागसंगीतात व्हायोलिन आले ते आणखी थोड्या उशिरा. यात आकाशवाणीचाही अप्रत्यक्ष हात आहे. १९४० मध्ये आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी झाली आणि ती सुमारे तीन दशके राहिली. साथीला सारंगी आणि व्हायोलिन ही गजाची वाद्ये हवीशी झाली. गजाननबुवा जोशी (१९११–१९८७) हे स्वतः श्रेष्ठ गवई. पण व्हायोलिनही त्यांनी त्याच तोलाचे वाजविले. गोव्याच्या पार्से गावचे श्रीधर पार्सेकर, विष्णु गोविंद जोग (१९२२–२००४), दामोदर केशव दातार (१९३२–२०१८) यांनी हे वाद्य मैफलीत स्वतंत्रपणे बसविले. १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झाले. त्या गीतांच्या साथीला ज्यांचे व्हायोलिन होते ते प्रभाकर जोग (१९३२–२०२१) यांनी पुढे शब्दांवाचून गाणारे व्हायोलिन महाराष्ट्राच्या घरोघर नेले.

येथपर्यंतचा इतिहास वादकांचा झाला, आणि तो बहुधा असाच सांगितला जातो. परंतु या प्रत्येक वादकाच्या हातातील वाद्यात तो न चिकटविलेला खांब उभा होता आणि तो कोणीतरी उभा केलेला होता. आपल्याकडील वादकांपुढे तर एक जास्तीची अडचण होती. पाश्चात्त्य वादक व्हायोलिन हनुवटीखाली धरून उभ्याने वाजवितो व त्याच्या चार तारा ठरावीक उंच स्वरांत लावलेल्या असतात. आपला वादक मांडी घालून बसतो, वाद्याचे टोक पायावर टेकवितो, म्हणजे मींडेसाठी डावा हात मोकळा राहतो. तारा तो षड्ज-पंचमाच्या जोड्यांनी आणि एकंदरीत खालच्या स्वरांत लावतो. पाश्चात्त्य जुळणीत चार तारांचा मिळून ताण सुमारे २२ ते २५ किलो असतो आणि त्यातून घोडीवर ८-९ किलोंचा दाब पडतो. स्वर उतरविले की हा दाब कमी होतो. एका जुळणीसाठी कापलेला खांब दुसऱ्या जुळणीत सैल पडतो किंवा आवाज दबका होतो. म्हणजे वाद्य आपले करून घेताना नुसती बैठक आणि स्वर बदलून भागले नाही. वाद्याच्या पोटातही जुळणी नव्याने करावी लागली.

हा खांब नेमके काय करतो, हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता. फ्रान्सचा फेलिक्स सावार (१७९१–१८४१) याने व्हायोलिनच्या अवयवांवर प्रयोग केले आणि १८१९ मध्ये सरळ कडांचे एक वेगळेच व्हायोलिन करून पाहिले. ताऱ्यांच्या प्रकाशाचे पृथक्करण करणारे इंग्रज ज्योतिर्विद विल्यम हगिन्स यांनी १८८३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे याच खांबाच्या कार्यावर निबंध सादर केला. आणि ज्यांचे वडील स्वतः व्हायोलिन वाजवीत, ते चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९१८ मध्ये कोलकात्याहून गजाच्या वाद्यांतील कंपनांवर एक मोठा प्रबंध प्रसिद्ध केला. पुढे त्यांनी यंत्राने गज चालवूनही प्रयोग केले. १९३० चे नोबेल पारितोषिक त्यांना प्रकाशावरील संशोधनासाठी मिळाले. पण तत्पूर्वी अनेक वर्षे त्यांचे मन नादात गुंतले होते.

या सर्व अभ्यासातून जे निष्पन्न झाले ते थोडक्यात असे. गज तारेला आडवा ओढतो आणि तार घोडीला डोलविते. घोडीला दोन पाय. सर्वांत बारीक तारेच्या बाजूच्या पायाखाली, किंचित मागे, हा खांब उभा असतो. त्यामुळे तो पाय फारसा हलत नाही. दुसऱ्या पायाखाली वरच्या फळीला आतून एक लांब पट्टी चिकटविलेली असते. तो पाय मोकळेपणाने वरखाली होतो आणि सगळी फळी आपल्याबरोबर हलवितो. एक पाय रोवलेला, दुसरा चालता, अशा या विषम चालीने वाद्याच्या पोटातील हवा आत-बाहेर होते आणि आवाज भरतो. शिवाय खांब वरच्या फळीचे कंपन पाठीच्या फळीलाही कळवितो आणि तारांच्या दाबाखाली फळी खचू नये म्हणून आधारही देतो. खांब काढला तर आवाज पोकळ व दुबळा होतो. आणि टोकांना डिंकाचे गोळे बसवून तो जखडला तर दोन्ही फळ्या त्या जागी बधिर होतात. माझ्या वाद्याचे नेमके हेच झाले होते. शिवाय चिकटविलेला खांब पुन्हा जागचा हलविता येत नाही, आणि हलविता येणे हेच तर त्याचे मर्म आहे.

खांबाची जागा साधारणतः घोडीच्या पायाच्या मागल्या कडेपासून २-३ मिलिमीटर अंतरावर असते. तेथून तो घोडीकडे सरकविला तर आवाज सहसा धारदार आणि चटकन उमटणारा होतो. मागे सरकविला तर मऊ होतो. वाद्याच्या दोन्ही फळ्या कमानदार असल्यामुळे मध्यभागी पोट खोल आणि कडेला उथळ असते. म्हणून तोच खांब छिद्राकडे सरकविला की घट्ट बसतो, मध्याकडे आणला की सैल होतो. अर्ध्या मिलिमीटरचा फरकही कानाला कळतो. खांबाच्या लाकडाच्या उभ्या रेषा वरच्या फळीच्या रेषांना आडव्या यावयास हव्यात आणि त्याची दोन्ही टोके फळ्यांच्या आतल्या कमानीशी अशी मिळाली पाहिजेत की मध्ये कागदाची फटही राहू नये. हे सगळे वरच्या बारीक छिद्रातून करावयाचे. त्यासाठी इंग्रजी 'एस' अक्षरासारखी वाकविलेली लोखंडी सळई, दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा लहान आरसा आणि एक दिवा, एवढीच साधने लागतात. खरे साधन म्हणजे कान. प्रत्येक वाद्याचे लाकूड वेगळे असल्यामुळे मी सांगितलेले नियम कोणत्याही वाद्याला डोळे मिटून लावता येत नाहीत.

माझे व्हायोलिन मी अखेर मुंबईस एका निवृत्त वादकांकडे नेले. ते मामांच्या पिढीचे, गोव्याच्या शाळेत शिकलेले. त्यांनी आरसा आत घातला, पाहिले, आणि रागावले नाहीत. "आधी डिंक सोडवू," एवढेच म्हणाले. कोमट पाण्यात भिजविलेला कापूस सळईच्या टोकाला लावून दोन दिवस ते थोडाथोडा डिंक भिजवीत राहिले. तिसऱ्या दिवशी जुनी काडी सुटून आली. ती पूर्वीच आखूड झाली होती. म्हणूनच पडली होती. आमच्याकडच्या उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी होते की लाकूड आक्रसते आणि पावसाळ्यात ते फुगते. वर्षानुवर्षांच्या या ओढाताणीत फळीची कमान किंचित उचलली गेली होती. त्यांनी जुन्या स्प्रूसच्या लाकडाची नवी काडी कापली, टोके चाकूने तिरकी केली, आत घातली, काढली, पुन्हा घासली. असे किती वेळा झाले ते मी मोजले नाही.

मग त्यांनी मला वाजवावयास सांगितले. मी एक स्वर लांब ओढला. त्यांनी सळईने खांबाला हलकासा धक्का दिला आणि म्हणाले, "आता?" मी पुन्हा ओढला. खालच्या तारा उघडल्या होत्या, वरची कर्कश झाली होती. पुन्हा एक धक्का. चौथ्या-पाचव्या खेपेस खोलीतल्या दुसऱ्या एका व्हायोलिनची तार आपोआप गुणगुणली. त्यांनी सळई खाली ठेवली. मला मामांच्या वाजविण्यातला जो आवाज आठवत होता, तो हा नव्हता. थोडा वेगळा होता. मी तसे बोलून दाखविले. ते म्हणाले, "त्यांची आल्मा त्यांच्या हाताची होती. ही तुमच्या हाताची आहे, बाई."

निघताना मी त्यांना विचारले की हे काम तुम्ही कोणाला शिकविले आहे काय. त्यांनी दोन नावे घेतली आणि दोघेही आता परदेशी असल्याचे सांगितले. मग त्यांनी आपली एक जुनी सळई मला दिली. मी म्हटले, मी कारागीर नाही. ते म्हणाले, "मीही नव्हतो. आमच्या बँडात ज्याची काडी पडे, त्याने ती उभी करावयाची, असा नियम होता."

श्रोतेहो, या वाक्याने मला आपल्याकडील व्हायोलिनच्या इतिहासाची एक रिकामी जागा दिसली. क्रेमोनाच्या कारागिरांची नावे आपण वाचतो, मोठ्या वादकांच्या जयंत्या करतो. परंतु कारखान्यांपासून आणि कारागिरांपासून शेकडो कोस दूर, हैदराबादेत, सोलापुरात, कोलकात्यात, हे वाद्य दीडदोनशे वर्षे बोलते राहिले ते अशा माणसांमुळे, ज्यांनी आपली काडी आपणच उभी केली. त्यांनी ते लिहून ठेवले नाही. एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हाती ते गेले, आणि जेथे दुसरा हात मिळाला नाही तेथे ते संपले. वाद्य पेटीत बंद झाले, आणि पेटी माळ्यावर गेली. अशा किती पेट्या आपल्या गावांतून माळ्यावर असतील! घरातल्या लोकांना वाटते, व्हायोलिन मोडले. पुष्कळदा ते मोडलेले नसते. त्याच्या पोटात एक काडी आडवी पडलेली असते.

म्हणून माझी काही साधी विनंती आहे. घरात असे जुने वाद्य असेल तर ते फेकू नका, आणि शोभेला भिंतीवरही टांगू नका. हळूच हलवून पाहा. आत काही वाजले तर तारा सैल करा, कारण खांब नसताना पूर्ण ताण ठेवला तर वरची फळी खचते किंवा चिरते. आत डिंक कोणालाही लावू देऊ नका. वाद्य धडधाकट असेल तर तारा बदलताना एक सोडावी, तिच्या जागी नवी लावावी, मगच दुसरीला हात घालावा; मी चारही एकदम सोडल्या, त्याचे फळ भोगले. वाद्य उन्हात, चुलीजवळ किंवा ओल्या भिंतीला टेकवून ठेवू नये. खांब बसविताना तो जोराने ठोकून घट्ट करू नये. तशाने पाठीच्या फळीला जी चीर जाते, तिची दुरुस्ती फार कठीण असते. आणि जो कोणी हे काम जाणणारा भेटेल, त्याच्याजवळ एखाद्या मुलाला बसवावे. पुस्तकातून कळते ते थोडे. आवाज बदलला तो क्षण कोणीतरी शेजारी बसून दाखवावा लागतो.

त्या सळईने मी पहिल्यांदा खांब उभा करावयास बसले तेव्हा एक संपूर्ण दुपार गेली. सात वेळा तो पडला. आठव्या वेळी राहिला, तोही थोडा तिरका. आमच्या शाळेतील आठवीची एक मुलगी शेजारी दिवा धरून बसली होती. तिला व्हायोलिन शिकावयाचे होते, पण त्या दिवशी तिचे लक्ष वाजविण्यापेक्षा छिद्रातून आत पाहण्याकडेच अधिक होते. "बाई, हा कशाने उभा राहतो?" तिने विचारले. मी म्हटले, वरून तारांचा दाब आहे आणि खालून पाठीचा आधार आहे. दोन्ही बरोबर असले की उभा राहतो. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "मग मला उभा करू द्या."

मी सळई तिच्या हाती दिली. तिचा खांब अकरा वेळा पडला. बाराव्या वेळी तो माझ्याहून सरळ उभा राहिला. मी एकेक तार हळूहळू चढविली आणि गज तिच्या हाती दिला.